ओव्हनची कडी का अडकते?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील कार्यक्रमात झालेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



आरती झाली, प्रसाद झाला, आता जेवणाआधीचा अर्धा तास माझ्या हाती दिलाय. गणपतीपुढे उभं राहून ओव्हनवर भाषण करणारा मी बहुधा पहिलाच असेन. पण विषय मी निवडलेला नाही, बरं का. गेल्या दिवाळीआधीच्या पंधरा दिवसांत मला जे फोन आले ते जवळजवळ एकाच तऱ्हेचे होते. "ओव्हनवर एफ नऊ असं काहीतरी आलंय." "दार उघडतच नाही हो." "दार नीट लागलंय, पण ओव्हन म्हणतो लागलं नाही." शेवटी समितीतल्या वहिनींनी ठरवलं, घरोघरी जाऊन तेच तेच सांगण्यापेक्षा याला एकदाच सगळ्यांसमोर उभं करू या. म्हणून मी इथे.

मी रायसूतला एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात आहे. तिथे एखादा व्हॉल्व्ह खरोखर उघडला की नाही हे सांगायला एक छोटा स्विच असतो. ओव्हनच्या दारातला स्विच म्हणजे त्याचंच धाकटं भावंड. दोघांच्या खोडी सारख्याच. त्यामुळे जे सांगणार आहे ते पुस्तकी नाही, रोजच्या कामातलं आहे.

आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. दिवाळीच्या आधी आई नानकटाईचं पीठ मळायची, आणि आम्ही पत्र्याचे ट्रे डोक्यावर घेऊन गल्लीच्या टोकाच्या बेकरीत जायचो. भट्टीला दार म्हणजे एक लोखंडी झापड. भट्टीवाल्याला हाताच्या उबेवरून कळायचं. मग ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आला, वर काचेची खिडकी असलेला. त्याचं झाकण कधी अडकलं नाही, कारण अडकायला त्यात काही नव्हतंच. कडी, मोटर, स्विच आणि त्यावर लक्ष ठेवणारं कार्ड हे सगळं नंतरचं.

आता आपल्या घरांतले ओव्हन बघा. बहुतेकांकडे पाच बर्नरचा मोठा गॅस कुकर आहे, खाली गॅसचा ओव्हन. त्याला विजेची कडी नसते, कोडही नसतो. त्याची एकच नेहमीची तक्रार असते : बटण दाबून धरलं की पेटतो, सोडलं की विझतो. तो ज्योतीजवळच्या थर्मोकपलचा दोष. काजळी साफ करा, नाहीतर बदला. विषय संपला. दुसरा प्रकार ओट्याखाली किंवा कपाटात बसवलेला इलेक्ट्रिक ओव्हन. तिसरा मायक्रोवेव्ह, तो तर घरोघरी आहेच. आणि चौथा, कंपनीच्या व्हिलांमध्ये राहणाऱ्यांकडे असतो तो : स्वतःला स्वतः साफ करणारा, सेल्फ-क्लीनिंग. दार अडकण्याची खरी गोष्ट या चौथ्याची, आणि धोक्याची गोष्ट तिसऱ्याची. म्हणून त्या दोघांवरच बोलतो.

आधी सेल्फ-क्लीनिंग. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीने हा प्रकार १९६३ साली बाजारात आणला. कल्पना साधी आहे. आतलं तापमान ४५० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचं, दोन-तीन तास तसंच ठेवायचं. भिंतींवरचं तूप, साखर, चीज जे काही चिकटलं असेल त्याची राख होते, ती ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. आपण केक भाजतो १८० अंशांना. म्हणजे हे काय प्रकरण आहे ते लक्षात घ्या. एवढ्या तापलेल्या ओव्हनचं दार कोणी चुकून उघडलं तर आतल्या वाफांना ताजी हवा मिळून भडका उडू शकतो, आणि समोर उभ्या असलेल्याचा चेहरा भाजतो. म्हणून कडी. साधारण ३०० अंशांच्या वर दार कुलूपबंद राहिलं पाहिजे, गार झाल्याशिवाय उघडता कामा नये.

हे आपल्याला नवीन नाही. हॉकिन्सचा कुकर आठवा. त्याचं झाकण आतून बसतं, आणि आत वाफ आहे तोवर वाफच त्याला घट्ट धरून ठेवते. कितीही जोर लावा, उघडत नाही. तिथे राखणदार वाफ स्वतःच आहे, त्यामुळे त्याच्याकडून चूक होत नाही. ओव्हनमध्ये मात्र हा राखणदार नेमलेला असतो. आणि नेमलेला माणूस म्हटला की त्याला बातमी कोणीतरी द्यावी लागते. सगळा घोळ त्या बातमीचा आहे.

आत काय असतं सांगतो. दाराच्या वरच्या बाजूला, चौकटीच्या आत, एक लोखंडी आकडा असतो. त्याला फिरवणारी एक छोटी मोटर, फार हळू फिरते. मोटरच्या दांड्यावर एक उंचसखल चकती असते. ती फिरते तशी एक-दोन छोटे स्विच दाबते आणि सोडते. एक स्विच सांगतो "आकडा लागला," दुसरा किंवा त्याचाच उलटा बिंदू सांगतो "आकडा सुटला." शिवाय दार बंद झालं की नाही हे सांगणारा वेगळा स्विच, तोच ज्यामुळे आतला दिवा लागतो-विझतो. कार्ड मोटरला म्हणतं, फिर. मग काही सेकंद वाट बघतं. ठरलेल्या वेळात स्विचकडून उत्तर आलं नाही, किंवा दोन स्विच एकमेकांच्या विरुद्ध बोलायला लागले, की कार्ड हात वर करतं आणि पडद्यावर कोड टाकतं.

म्हणजे कोड ही कार्डाची तक्रार आहे. निदान नाही! माझ्या आजच्या बोलण्यातलं एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी चालेल. कोड म्हणतो "मला कडी लागल्याची खबर मिळाली नाही." खबर का मिळाली नाही हे त्याला ठाऊक नसतं. मोटर जळली असेल, चकती अडकली असेल, स्विचच्या टोकांना गंज आला असेल, वायरीचा चिमटा सैल झाला असेल, किंवा नुसतं दाराच्या बिजागरीचं खाली झुकणं असेल, ज्यामुळे आकडा त्याच्या खाचेत बसतच नाही. पाच कारणं, कोड एकच. आणि दुकानात फोन केला की कोड ऐकून थेट सर्वांत महाग वस्तूचं नाव येतं. "बोर्ड गया साब."

कोडांचा आणखी एक घोटाळा आहे. ते कंपनीगणिक बदलतात. जनरल इलेक्ट्रिकच्या जुन्या ओव्हनमध्ये एफ२ म्हणजे आत अति उष्णता. व्हर्लपूलच्या नव्या पद्धतीच्या कोडांत एफ२ने सुरू होणारा कोड म्हणजे बटणांच्या पट्टीचा दोष. एकाला ओव्हन बंद करून पळायचं, दुसऱ्याला पट्टी कोरडी करायची! दाराबद्दल म्हणाल तर जनरल इलेक्ट्रिकच्या अनेक जुन्या मॉडेलांत एफ९, फ्रिजिडेअरमध्ये एफ९० आणि त्याच्या आसपासचे, व्हर्लपूलमध्ये एफ५ घराण्यातले. तापमापक सेन्सरचे वेगळे : जनरल इलेक्ट्रिकमध्ये एफ३ म्हणजे सेन्सरची वायर तुटल्यासारखी, एफ४ म्हणजे चिकटल्यासारखी. फ्रिजिडेअरमध्ये तेच एफ३० आणि एफ३१. तेव्हा शेजारच्या वहिनींचा एफ३ आणि तुमचा एफ३ एकच असं कधी धरू नका. दाराच्या चौकटीवर, दार उघडल्यावर दिसेल असं एक स्टिकर असतं, त्यावर मॉडेल नंबर असतो. त्याचा फोटो आजच काढून ठेवा. दार अडकल्यावर तो वाचता येत नाही, हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

काही गोष्टी दोष नसताना दोष वाटतात, त्या पटकन सांगून टाकतो. पडद्यावर किल्लीचं चित्र किंवा 'लॉक' अशी अक्षरं दिसली तर ते मुलांसाठीचं कुलूप आहे. ते बटण तीन-चार सेकंद दाबून धरा. वीज जाऊन आल्यावर घड्याळ शून्यावर लुकलुकतंय आणि ओव्हन तापत नाही? बऱ्याच युरोपीय ओव्हनना वेळ लावून दिल्याशिवाय तापायचंच नसतं. घड्याळ लावा. यासाठी माणसं मेकॅनिकला पाच-पाच रियाल देऊन मोकळी झाली आहेत. तो बिचारा काय करेल, आला तर भेटीचे पैसे घेणारच.

आता आपल्या सलालाहकडे येऊ. बाहेर बघा, भुरभुर चालू आहे. जून संपता संपता जे धुकं येतं ते सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत डोंगरावरून हलत नाही. आपल्याकडे खरीप म्हणजे पीक, इथे खरीफ म्हणजे हे दिवस. शब्द एकच, अरबीतून आपल्याकडे आलेला. सगळ्या आखातातून लोक हे बघायला येतात, आणि आपण नेमके याच दिवसांत मुलांच्या सुट्ट्या धरून गावी जातो. घर दोन महिने बंद. एसी बंद. खिडक्यांच्या फटींतून समुद्राची खारी दमट हवा आत. परत येतो तेव्हा कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी असते, ती सगळे बघतात. ओव्हनच्या आत काय झालं ते कोणी बघत नाही. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. रत्नागिरीच्या घरात रेडिओच्या सेलला हिरवी भुकटी कशी धरते ते ज्याने पाहिलंय त्याला ओव्हनच्या वायरीच्या चिमट्यांचं काय होतं ते कळेल. तेच हिरवं, तीच भुकटी.

म्हणून मी म्हणतो, मस्कतमधला मेकॅनिक जे सांगेल ते इथे जसंच्या तसं लागू पडेल असं नाही. इथे मोटर जळण्याआधी चिमटा गंजतो. बोर्ड जाण्याआधी स्विच चिकटतो. दोष स्वस्त ठिकाणी शोधायला सुरुवात करा.

एक उदाहरण सांगतो, नाव नको. सादा भागातलं आपलंच एक कुटुंब. मोठा उभा इलेक्ट्रिक कुकर, सेल्फ-क्लीनिंगवाला. जुलै-ऑगस्ट सगळे नाशिकला. परत आल्यावर एक-दोनदा केक केला तो वर पांढरट राहिला. वहिनींना वाटलं पिठाचा दोष. मग दिवाळीची साफसफाई म्हणून सेल्फ-क्लीन लावलं. तासाभराने ओव्हन बंद पडला, पडद्यावर कोड, आणि दार कुलूपबंद. रात्र झाली, ओव्हन हाताला गार लागायला लागला, दार उघडेना. दुसऱ्या दिवशी एक दुकानदार येऊन गेले. म्हणाले कडीची पूर्ण यंत्रणा आणि बोर्ड, दोन्ही बदला, सामान दुबईहून येईल. दिवाळीनंतर. खर्च नव्या ओव्हनच्या निम्म्याच्या वर.

मला बोलावलं तेव्हा मी आधी कोड बघितला. तो दाराचा नव्हताच. सेन्सरचा होता, वायर तुटल्यासारखी असल्याचा. आता जरा नीट ऐका, इथे गंमत आहे. बहुतेक इलेक्ट्रिक ओव्हनच्या आत मागच्या भिंतीवर एक पेन्सिलीसारखी दांडी दिसते. तो सेन्सर. त्यात प्लॅटिनमची बारीक तार असते. ती जितकी तापेल तितका तिचा विजेला विरोध वाढतो. शून्य अंशाला १००० ओहम. आपल्या खरीफच्या स्वयंपाकघरात, २५ अंशांना, जवळजवळ ११००. केकच्या १८० अंशांना साधारण १६८५. म्हणजे दर अंशाला पावणेचार ओहमच्या आसपास. कार्ड हा विरोध मोजतं आणि त्यावरून तापमान ठरवतं. काही युरोपीय ओव्हनमध्ये हे आकडे बरोबर निम्मे असतात, काहींत सेन्सरच वेगळ्या जातीचा असतो, पण तत्त्व हेच.

आता समजा चिमट्याला गंज आला आणि त्या गंजाचाच ५० ओहम विरोध मध्ये आला. कार्डाला वाटतं ओव्हन १३-१४ अंशांनी जास्त तापलाय. ते हीटर लवकर बंद करतं. केक पांढरट राहतो. पीठ बिचारं निर्दोष! पुढे सेल्फ-क्लीनच्या उष्णतेने तो गंजलेला चिमटा पुरताच सुटला. विरोध अनंत. अनंत विरोध म्हणजे कार्डाच्या हिशेबी आत आगीचा लोळ. मग ते दार कसं उघडेल? ते तर आपलं काम इमानदारीने करत होतं. तुमच्या चेहऱ्याची काळजी म्हणून दार धरून बसलं होतं. कडीची मोटर, आकडा, स्विच सगळे धडधाकट होते. नुसती बातमी खोटी होती.

ब्रेकर पाडला, दोघांनी कुकर भिंतीपासून पुढे ओढला, मागचा पत्रा काढला. सेन्सरच्या दांडीचा विरोध मोजला तर ११०० च्या जवळ, म्हणजे दांडी ठीक. कार्डाच्या बाजूने मोजलं तर काहीच नाही. मधला चिमटा हिरवा-काळा. तो कापून टाकला, उष्णता सोसणारा चिनी मातीचा जोड बसवला. साधा प्लॅस्टिकचा चालत नाही, वितळतो. ब्रेकर चढवला. आत मोटर कुरकुर करत फिरली आणि टक् असा आवाज आला. वहिनींनी त्या आवाजाला टाळ्या वाजवल्या. जोडाची किंमत एका शहाळ्याएवढी.

तर दार अडकलं तर काय करायचं, ते क्रमाने. पहिलं, वाट बघा. खरंच गार होऊ द्या, दोन-तीन तास तरी. दुसरं, ब्रेकर पाडा, पाच-दहा मिनिटं थांबा, परत चढवा. बरेच ओव्हन वीज आल्या आल्या कडी एकदा फिरवून जागेवर आणतात. त्या वेळी दार तळव्याने आत दाबून धरा. दार बाहेर ओढलं की आकड्यावर ताण येतो आणि मोटरला तो सुटत नाही. आपण घाबरून नेमकं ओढतच राहतो! तिसरं, सेल्फ-क्लीन एक मिनिट लावून रद्द करा. कडी लागण्याचा आणि सुटण्याचा फेरा पुरा होतो, कधीकधी तेवढ्याने काम होतं. एवढं करून नाही झालं तर थांबा. स्क्रूड्रायव्हर घालून दार उचकटू नका. ती काच टफन केलेली असते. कडेला टोचली तर आख्खी काच एका क्षणात खड्यांसारखी जमिनीवर येते.

दार उघडतं, पण ओव्हनला ते लागल्याचं कळत नाही, असं असेल तर उलट बघा. काचेच्या कडेची रबरी पट्टी कुठे निसटून मध्ये आलीय का? दारावर ओल्या टॉवेलचं ओझं रोज टाकलं जातं का? टॉवेल वाळवायला ओव्हनचं हँडल, हे आपल्या सगळ्यांच्या घरी आहे, त्याने बिजागरी झुकते. आकड्याच्या खाचेत साखरेचा पाक सांडून वाळला असेल तर गरम पाण्याच्या फडक्याने पुसा. तेल मारू नका, ते भाजून डिंकासारखं होतं.

आणि एक विनंती. सेल्फ-क्लीन दिवाळीच्या आदल्या आठवड्यात लावू नका. वर्षात त्या यंत्रावर सर्वांत जास्त ताण त्या तीन तासांत येतो. जे तुटायचं असेल ते तेव्हाच तुटतं. कपाटात कोंबून बसवलेल्या ओव्हनला मागे हवा खेळायला जागा नसेल, तर आतला सुरक्षा-स्विच उडतो आणि ओव्हन कडी लावलेल्या अवस्थेत मरतो. लावायचंच तर दिवाळी उरकल्यावर लावा, जाळ्या आणि फॉईल बाहेर काढून, खिडकी उघडी ठेवून. घरात लव्हबर्ड्स असतील तर पिंजरा दुसऱ्या खोलीत नव्हे, बाहेर. नॉन-स्टिकच्या थरातून अति उष्णतेत जो वायू निघतो त्याने पक्षी मरतात. हे ऐकीव नाही, पक्ष्यांचे डॉक्टर हेच सांगतात.

आता मायक्रोवेव्ह. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

मायक्रोवेव्हच्या दाराला दोन प्लॅस्टिकचे आकडे असतात आणि त्यांच्या मागे साधारणपणे तीन स्विच. दोन स्विच दार उघडताच वीज तोडतात. दोन यासाठी की एक चिकटला तरी दुसरा आहे. तिसरा राखणदारांवरचा राखणदार. पहिला स्विच चिकटून बसला आणि दार उघडलं, तर तो मुद्दाम शॉर्ट करतो आणि फ्यूज उडवतो. म्हणजे "दार आपटलं आणि मायक्रोवेव्ह एकदम मेला" असं झालं, तर बहुतेक वेळा त्याने स्वतःचा बळी देऊन तुम्हाला वाचवलेलं असतं. अशा वेळी नुसता फ्यूज बदलणं म्हणजे रखवालदाराला गप्प करणं. तीनही स्विच तपासायला हवेत.

दोन वर्षांपूर्वी इथल्याच एका घरी घडलं ते सांगतो. जुन्या सामानाच्या दुकानातून मायक्रोवेव्ह घेतलेला, दुकानाचं नाव घेत नाही. स्वस्त मिळाला म्हणून सगळे खूश. मुलाच्या पहिल्या वाढदिवसासाठी सांगलीहून आजी आल्या होत्या. त्यांनी तिसऱ्या दिवशी सुनेला विचारलं, "अगं, दार उघडलं तरी ताटली फिरत राहते, तुमच्याकडे असंच असतं का?" घरातल्या इंजिनिअरला दिसलं नव्हतं, आजींना दिसलं. मला फोटो पाठवला, मी म्हटलं प्लग काढा, आत्ताच्या आत्ता. संध्याकाळी जाऊन उघडला. आकडा केव्हातरी तुटलेला. नवा आकडा मिळाला नसेल किंवा शोधलाच नसेल, कोणीतरी दोन स्विचांची टोकं वायरीच्या तुकड्याने जोडून टाकली होती, आणि तिसऱ्याची वायरच काढून ठेवली होती. म्हणजे दार लागो न लागो, यंत्राला कायम वाटणार की लागलंय. वर्षाचं मूल त्या ओट्याशी आईच्या कडेवर, दूध गरम होताना.

मायक्रोवेव्हच्या लहरी किरणोत्सर्गी नसतात, त्या फक्त तापवतात. पण तापवतात हे काय कमी आहे? डोळ्यातल्या भिंगाला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे तिथली उष्णता वाहून जात नाही. मोतीबिंदूचा धोका म्हणतात तो याचा. दार धड असेल तर काळजी नको. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे पाच सेंटिमीटर अंतरावर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅटहून जास्त गळती चालत नाही, आणि धडधाकट यंत्रात ती सहसा त्याहून पुष्कळ कमी असते. सगळी भिस्त दारावर आणि त्या तीन स्विचांवर.

त्या मायक्रोवेव्हची दुरुस्ती मी केली नाही. वायर बुडापासून कापली आणि मग कचऱ्यात टाकला. वायर कापली नसती तर कोणीतरी उचलून दुसऱ्या घरी नेला असता.

तुमच्या घरी आज रात्री एक करा. कपभर पाणी ठेवा, अर्धा मिनिट लावा, मध्येच दार उघडा. घरघर आणि ताटली त्याच क्षणी थांबली पाहिजे. काही मॉडेलांत पंखा थोडा वेळ चालतो, ते ठीक. ताटली फिरत राहिली तर प्लग काढा आणि परत लावू नका. दार हलतंय, जाळीला भोक पडलंय, कड गंजलीय, आकडा तुटलाय, तरी हेच. आणि आवरण कोणीही उघडायचं नाही, हौशी मुलांनी तर नाहीच. आत एक कपॅसिटर असतो, दोन हजार व्होल्टच्या वरचा. प्लग काढल्यावरही तो भरलेला राहू शकतो. मेनच्या शॉकमधून माणूस कधी वाचतो. याच्यातून वाचेलच असं नाही.

खरीफमध्ये मायक्रोवेव्हचा आणखी एक निरुपद्रवी खेळ असतो. सॅमसंगच्या अनेक मॉडेलांवर एसई अशी अक्षरं येतात, किंवा बटण न दाबता पिं पिं वाजत राहतं. बटणांच्या पडद्याखाली दमटपणा शिरून बटण दाबलेलंच आहे असं यंत्राला वाटतं. प्लग काढा, पट्टी कोरड्या फडक्याने पुसा, खोलीत दिवसभर एसी ड्राय मोडवर ठेवा. बऱ्याचदा बरा होतो. नाही झाला तर पट्टी बदलावी लागते. किटलीच्या वाफेच्या तोंडाशी मायक्रोवेव्ह ठेवणाऱ्यांना हे बारा महिने होतं.

२०१८च्या मे महिन्यात मेकुनू चक्रीवादळात ज्यांच्या तळमजल्यात पाणी शिरलं त्यांना आठवत असेल, किती जणांनी फ्रिज-ओव्हन उन्हात वाळवून चालू केले आणि पुढच्या आठ-दहा महिन्यांत एकेक करून ते गेले. पाणी वाळतं, मीठ राहतं. भिजलेलं विजेचं यंत्र आधी गोड्या पाण्याने धुऊन, मग वाळवून, मग जाणकाराला दाखवूनच चालू करायचं.

परत जाणाऱ्यांनी विचारलंय म्हणून सांगतो. इथली वीज २४० व्होल्ट, ५० हर्ट्झ, भारतातली २३०, ५० हर्ट्झ. ओव्हन तिकडे बिनदिक्कत चालतो, फक्त टॉप १६ अँपिअरच्या सॉकेटला साजेशी बदलून घ्या. इथल्या पिनेच्या पोटात फ्यूज असतो, तिथल्या पिनेत नसतो, हे ध्यानात ठेवा. अमेरिकेहून इथे आलेल्यांनी तिकडचा ओव्हन आणला असेल तर नुसत्या ट्रान्सफॉर्मरने भागत नाही. तो ६० हर्ट्झसाठी बनवलेला. विजेच्या लाटा मोजणारं घड्याळ इथे तासाला दहा मिनिटं मागे पडतं, आणि मायक्रोवेव्ह असेल तर त्याचा आतला ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. सामान भरताना काचेची ताटली वेगळी बांधा, दाराला चिकटपट्टी लावा, आणि पॅकर्सना सांगा, उचलताना हँडलला हात लावायचा नाही. मुंबईला पोहोचल्यावर दार लागत नाही अशी जी तक्रार असते ती बहुतेक त्या उचलण्याची.

शेवटी मेकॅनिकबद्दल. आपल्याकडे येणारे बहुतेक मलयाळी किंवा बांगलादेशी. त्यांच्यात कसलेले हात आहेत. मला एक जण माहीत आहे, वायर सोडवण्याआधी प्रत्येकीचा रंग हातावर पेनाने लिहून घेतो. अशा माणसाला दोन रियाल जास्त द्या. त्याला फोन करताना "ओव्हन बिघडलाय" एवढंच सांगू नका. मॉडेल नंबर, कोड जसाच्या तसा, तो गार असताना आला की गरम असताना, त्याआधी वीज गेली होती का, कडीचा आवाज येतो की नाही. एवढं सांगितलंत की तो योग्य सामान घेऊन येतो. आणि बोर्ड बदला म्हणाला तर नम्रपणे विचारा, "भाई, सेन्सर और स्विच का रीडिंग कितना आया?" ज्याने मोजलंय तो आकडा सांगेल. ज्याने मोजलं नाही त्याचा चेहरा सांगेल.

मीटर बाजारात पाच-सहा रियालला मिळतो. कोणाला ओहम मोजायला शिकायचं असेल तर शुक्रवारी सकाळी दहापर्यंत माझ्याकडे या, नमाजाच्या वेळी रस्ते भरायच्या आत. ब्रेकर पाडून आणि यंत्र गार असतानाच मोजायचं, हे तिथेही परत सांगणार आहेच. येताना मॉडेल नंबरचा फोटो आणा. नानकटाई आणलीत तरी चालेल, पण पांढरट असेल तर आधी सेन्सर बघू.